मान वर केलीस ना!

गेल्या वर्षी मे ते ऑगस्ट मी लेकीकडे एडिंबरोला होते. "तिकडे वेळ कसा जातो?" असे फोनवर विचारणाऱ्या सगळ्यांना मी "जातो की" एवढेच सांगत होते. आता सविस्तर सांगते. माझा वेळ गोल्फमध्ये गेला. हसू नका. मी काठीला हातसुद्धा लावलेला नाही. पण त्या खेळाचा इतिहास वाचता वाचता स्वतःच्याच एका जुन्या चुकीपाशी येऊन पोचले. ते कुठेतरी लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

लेकीच्या घराजवळ ब्रन्ट्सफील्ड लिंक्स नावाचे मोठे हिरवे मैदान आहे. तिथे फार जुन्या काळापासून गोल्फ खेळतात. गोल्फ म्हणजे बड्या साहेबांचा खेळ, असे आपल्याकडे वाटते ना? इथे कोणीही यावे, खेळावे, पैसे नाहीत. लहान अंतराचे खड्डे, दोन काठ्या पुरतात. एका संध्याकाळी जावई आणि माझा अकरा वर्षांचा नातू खेळत होते आणि मी बाकावर शाल पांघरून बसले होते. नातवाने फटका मारला. चेंडू हवेत उडायच्या ऐवजी गवतातून ससा पळावा तसा सरपटत गेला.

"मान वर केलीस ना!" जावई म्हणाले. कुत्र्याला फिरवत चाललेले एक म्हातारे गृहस्थही थांबून, हसून तेच म्हणाले, "हेड अप!" दुसरा फटकाही तसाच गेला. पुन्हा तेच निदान. तिसऱ्यांदा नातू रडवेला होऊन माझ्याकडे आला. "आजी, मी खरंच चेंडूकडेच बघत होतो."

पस्तीस वर्षे वर्गावर काढलेली बाई काय म्हणणार? "बाबा सांगतो ते ऐकावं. मोठ्यांना जास्त दिसतं."

तो गप्प झाला. पण त्याचे ते "खरंच बघत होतो" मला टोचत राहिले. का टोचले ते शेवटी सांगते.

दुसऱ्या दिवशी लेकीने तिच्या कार्डावर मला वाचनालयातून पुस्तके आणून दिली. माझे बी.ए. मराठी माध्यमातले. इंग्रजी वाचते, पण शब्दकोश मांडीवर घेऊन. तीन महिने होतेच हाताशी. वाचता वाचता लक्षात आले की गोल्फचा इतिहास हा जितका चेंडूंचा आणि विजेत्यांचा आहे तितकाच चुकीच्या निदानांचाही आहे. फटका वाईट गेला की कारण हवे असते, आणि जे कारण सर्वात आधी तोंडात येते ते पुढची पन्नास वर्षे टिकते.

सुरुवात चेंडूपासूनच करते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू पिसांचा असे. कातड्याच्या छोट्या पिशवीत टोपीभर ओली पिसे ठासून भरायची आणि शिवून टाकायची. वाळताना पिसे फुगत, कातडे आवळे आणि चेंडू टणक होई. चांगल्या कारागिराचेही दिवसाला तीन-चारच चेंडू होत, त्यामुळे ते महाग असत. पावसात भिजले की जड होत, फुटतही. सेंट अँड्र्यूज या गावी अ‍ॅलन रॉबर्टसन हा असे चेंडू करणारा नामांकित कारागीर होता. तो त्या काळातला सर्वोत्तम खेळाडूही मानला जाई.

मग १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे चेंडू आले. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. आपल्यापैकी ज्यांनी रूट कॅनल करून घेतले आहे त्यांच्या दातात आजही तो असणार. पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चा भरला होता, आणि रॉबर्ट पॅटर्सन नावाच्या तरुणाने त्याचाच पहिला चेंडू वळला, अशी आख्यायिका तिकडे मोठ्या कौतुकाने सांगतात. आपल्या विष्णूचा असा हातभार वाचून मलाही बरे वाटले. आख्यायिका बाजूला ठेवली तरी नवा चेंडू स्वस्त होता, पाण्याला भीत नव्हता आणि बिघडला तर गरम पाण्यात मऊ करून पुन्हा वळता येत होता.

रॉबर्टसनच्या पोटावरच पाय आला. त्याची एक आठवण सांगतात. कोणीतरी नवा चेंडू त्याच्यापुढे ठेवून मारायला सांगितले. या कसलेल्या खेळाडूने तो मुद्दाम वरच्या अंगाला मारला. चेंडू उडालाच नाही. मग त्याने जाहीर केले की या वस्तूने कधी गोल्फ खेळता येणार नाही! फटका ह्याचा, दोष चेंडूचा. आपल्या "नाचता येईना अंगण वाकडे" या म्हणीपेक्षा हे वरचढ आहे, कारण ह्याला नाचता उत्तम येत होते. त्याच्याच हाताखाली शिकलेला टॉम मॉरिस नवा चेंडू खेळताना दिसला म्हणून दोघांत बिनसले आणि टॉम वेगळा झाला. हाच पुढे गोल्फच्या इतिहासातला सुप्रसिद्ध "ओल्ड टॉम". रॉबर्टसनने थोड्याच वर्षांत हट्ट सोडला आणि तोही गटापर्चाचेच चेंडू करू लागला.

पण गंमत पुढे आहे. नव्या चेंडूत खरोखरच एक खोट होती. तो साच्यातून गुळगुळीत निघे, आणि गुळगुळीत असेपर्यंत नीट उडत नसे. हवेत जाऊन मध्येच मान टाकी. खेळून खेळून त्याच्यावर काठीचे घाव बसले, ओरखडे उठले, की मात्र छान उडू लागे. म्हणजे नवा कोरा चेंडू वाईट आणि जुना खरबरीत चेंडू चांगला! हे खेळाडूंच्या लक्षात आले आणि कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने खुणा पाडू लागले. काय करायचे ते कळले होते, का ते कळले नव्हते. ते कळायला अर्धे शतक जावे लागले.

इथे या गोष्टीतला माझा आवडता माणूस येतो. पीटर गथ्री टेट. एडिंबरो विद्यापीठात १८६० पासून पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. लॉर्ड केल्व्हिनबरोबर त्याने १८६७ मध्ये लिहिलेला ग्रंथ त्या विषयातला पायाचा दगड मानतात. आणि गोल्फचे वेड असे की चेंडूला अंधारात चमकणारे द्रव्य फासून रात्रीही खेळायचा. त्याचा एक मुलगा फ्रेडी बापापेक्षा कितीतरी सरस खेळाडू झाला. १८९६ आणि १८९८ अशी दोन वेळा ब्रिटिश हौशी अजिंक्यपदाची स्पर्धा त्याने जिंकली.

टेटला एका साध्या गोष्टीने पछाडले होते. चांगला मारलेला चेंडू सुमारे सहा सेकंद हवेत राहतो. नुसत्या वेगाने फेकलेली आणि हवेने अडवलेली वस्तू इतका वेळ वर राहूच शकत नाही. मग याला वर धरतो कोण? चेंडू हवेत वळतो याचे मूळ फिरकीत आहे हे न्यूटनला टेनिसच्या चेंडूवरून सुचले होते. पुढे १७४२ च्या सुमारास रॉबिन्सने बंदुकीच्या गोळ्यांबद्दल आणि १८५२ च्या सुमारास जर्मनीत मॅग्नसने याचा अभ्यास केला होता. पण गोल्फवाले फिरकीला शत्रू समजत. चेंडू उजवीकडे पळाला? फिरकी. डावीकडे वळला? फिरकी. तेव्हा उत्तम फटका म्हणजे बिनफिरकीचा फटका, असे सरळ गणित होते.

टेटने प्रयोग केला. चेंडूला एक लांब फीत बांधली, तिचे दुसरे टोक जमिनीशी पक्के केले आणि चेंडू जवळच्या ओल्या मातीच्या भिंतीत मारायला लावला. मग फितीला किती पीळ पडले ते मोजले. चेंडू चांगलाच फिरत होता, आणि फिरत होता उलटा, म्हणजे वरची बाजू मारणाऱ्याकडे येणारी. अशी उलटी फिरकी घेतलेला चेंडू आजूबाजूची हवा खाली ढकलतो आणि हवा त्याला वर उचलते. गोल्फच्या चेंडूला वर धरणारी शक्ती हीच. पतंगाला वारा धरतो तसे समजा. ज्या फिरकीला सगळे दोष देत होते तिच्याशिवाय लांब फटका होऊच शकत नव्हता. वाईट काय होते, तर फिरकीचा अक्ष एका बाजूला कलणे. मग तीच उचल चेंडूला आडवे ओढते.

१८९६ मध्ये लांब फटक्यांवर लिहिलेल्या लेखात टेटने स्वतःबद्दल एक गोष्ट सांगून टाकली आहे. तरुणपणी त्याला शिकवले होते की फिरकी कुठलीही असो, वाईटच. म्हणून त्याने मोठ्या निष्ठेने बिनफिरकीचा फटका मारायचा सराव केला होता! खरे काय ते समजले तेव्हा पस्तीसेक वर्षे उशीर झाला होता. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. इतका मोठा विद्वान, आणि शिक्षकांनी सांगितलेली चूक मन लावून गिरवत बसलेला.

टेटबद्दल एक विनोद अजून सांगितला जातो. म्हणे त्याने गणिताने सिद्ध केले की चेंडू अमुक अंतरापलीकडे जाऊच शकत नाही, आणि १८९३ च्या जानेवारीत फ्रेडीने सेंट अँड्र्यूजला २५० यार्डांचा फटका मारून बापाचे गणित खोटे पाडले. प्राध्यापकांची फजिती सगळ्यांनाच आवडते, म्हणून गोष्ट टिकली. पण त्याचे गणित बिनफिरकीच्या चेंडूबद्दल होते, आणि लांब फटक्यामागचे गुपित तर त्यानेच शोधून काढले होते. चुकीच्या समजुती दूर करणाऱ्या माणसाबद्दलच चुकीची समजूत!

पुढचे वाचून मात्र हसू गेले. फ्रेडी सैन्यात होता. बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत ७ फेब्रुवारी १९०० रोजी तो मारला गेला. तीस वर्षांचा होता. बाप त्यानंतर फार जगला नाही. ४ जुलै १९०१ रोजी गेला. ज्याच्या फटक्यांचे गणित मांडले, तो फटके मारणारा हातच राहिला नाही.

टेटनंतर काम पुढे गेले. लेस्टरच्या विल्यम टेलरने १९०५ मध्ये चेंडूवर खळगे पाडण्याचे पेटंट मागितले. जुने ओरखडे जे काम करत होते तेच हे खळगे जास्त नीट करतात. चेंडूला चिकटून वाहणारी हवा त्यांच्यामुळे उशिरा सुटते आणि मागे ओढणारी ओढ कमी होते. अगदी गुळगुळीत चेंडू खळग्यांच्या चेंडूच्या जवळपास निम्माच लांब जातो. १९१० मध्ये जे. जे. टॉमसन यांनी, इलेक्ट्रॉन शोधणारे तेच, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर व्याख्यान दिले. इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाने वळवून त्यांनी श्रोत्यांना चेंडूचे सगळे मार्ग डोळ्यांदेखत दाखवले.

चेंडूचे कोडे असे सुटत गेले. आता खेळाडूच्या चुकांकडे वळू.

गोल्फमध्ये नवशिक्याचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे "स्लाइस". उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू केळ्यासारखा वळून उजवीकडे जातो. त्याचे कारण अनेक दशके असे शिकवले गेले की चेंडू सुटतो तो काठी ज्या दिशेने फिरते त्या दिशेला, आणि नंतर वळतो तो काठीचे तोंड जिकडे असेल तिकडे. धंदेवाईक शिक्षकांच्या पुस्तकांतही हेच असे. १९६८ मध्ये अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या मोठ्या अभ्यासावर "सर्च फॉर द परफेक्ट स्विंग" हे पुस्तक लिहिले. चेंडू बहुतांशी काठीच्या तोंडाच्या दिशेने सुटतो, हे त्यात आले होते. पण पुस्तकातले मैदानावर यायला वेळ लागतो. तोफगोळ्यांचा माग काढण्याच्या तंत्रातून आलेले रडार घेऊन ट्रॅकमॅन या डॅनिश कंपनीने २००९ मध्ये आकडे पुढे ठेवले, तेव्हा कुठे लोक हलले. लांब पल्ल्याच्या काठीने मारलेल्या चेंडूची सुरुवातीची दिशा सुमारे ८५ टक्के काठीच्या तोंडावरून ठरते, लोखंडी काठीने मारलेल्याची सुमारे ७५ टक्के. काठीची वाट आणि तोंड यांच्या दिशांत जे अंतर पडते त्याने चेंडू वळतो.

यात बिघडले काय, असे तुम्ही म्हणाल. बिघडते ते असे. चेंडू उजवीकडे वळतो म्हणून माणूस आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो. त्यामुळे काठी चेंडूवरून आणखी आडवी फिरते, तोंड आणि वाट यांतले अंतर वाढते आणि चेंडू आणखी जोरात उजवीकडे वळतो. औषधानेच रोग वाढतो, आणि रोग वाढला म्हणून माणूस औषधाचा डोस वाढवतो.

आता आपल्या "मान वर"कडे. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श किती वेळ टिकतो? सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्याइतका. तेवढ्यात काठी जेमतेम दोन सेंटिमीटर सरकते. अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात झगमगत्या दिव्यांच्या साह्याने गोल्फच्या फटक्याची जी छायाचित्रे काढली, त्यांतून डोळ्याला कधीच न दिसणारे हे जग प्रथम दिसू लागले. चेंडू लागल्याची बातमी हातातून मेंदूपर्यंत पोहोचते तोवर चेंडू मीटरभर पुढे गेलेला असतो. म्हणजे फटका "जाणवतो" तेव्हा तो होऊन गेलेला असतो. खेळणाऱ्याला जर आत काय घडले ते कळत नाही, तर बाकावर बसलेल्याला काय कळणार?

बाकावरच्याला शेवटी दिसते ती वर आलेली मान. ती तर प्रत्येकाची वर येते, चेंडू कुठे गेला हे बघायला. फटका चांगला गेला की कोणी मानेकडे बघत नाही. वाईट गेला की ती आरोपी. अ‍ॅनिका सोरेनस्टॅम ही स्वीडनची खेळाडू. अमेरिकेच्या महिलांच्या व्यावसायिक मालिकेत तिने ७२ स्पर्धा जिंकल्या. २००१ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकणारा डेव्हिड ड्युव्हल दुसरा. दोघांचीही मान काठी चेंडूला लागायच्या आधीच लक्ष्याकडे वळू लागलेली असे. मान हेच कारण असते तर या दोघांचे चेंडू गवतातूनच सरपटत गेले असते.

मग चेंडू सरपटतो का? बहुतेक वेळा कारण उलट टोकाला असते. नवशिक्याला वाटते की चेंडू वर उडवायचा म्हणजे त्याला खालून उचलायला हवे. म्हणून तो वजन मागच्या पायावर ठेवतो, कोपरे दुमडतो, आणि काठीचा सर्वात खालचा बिंदू चेंडूच्या आधीच येऊन जातो. चेंडूपर्यंत पोचताना काठी वर चढू लागलेली असते आणि चेंडूच्या वरच्या अंगावर आपटते. खरे तर काठीचे पाते मुळातच तिरपे घडवलेले असते. वर उडवण्याचे काम त्या तिरपेपणाचे. आपण खाली मारायचे, चेंडू आपोआप वर जातो. हे मनाला पटत नाही, म्हणूनच चूक इतकी सार्वत्रिक आहे.

एवढे असूनही "मान वर" हे निदान शंभर वर्षे का टिकले? याचे उत्तर मला गोल्फच्या पुस्तकात नाही, मानसशास्त्रात मिळाले. डॅनियल कानमन (नोबेल २००२, निधन २०२४) यांनी "थिंकिंग, फास्ट अँड स्लो" या २०११ च्या पुस्तकात इस्राएली वायुदलातल्या प्रशिक्षकांची हकिगत सांगितली आहे. प्रशिक्षकांचा अनुभव असा की विद्यार्थ्याची स्तुती केली की पुढचे उड्डाण बिघडते आणि रागावले की सुधारते. तेव्हा रागावणे हेच खरे औषध. कानमन म्हणतात, तसे नाही. फार वाईट उड्डाणानंतरचे उड्डाण बहुधा जरा बरेच असते, तुम्ही रागवा किंवा रागावू नका. फार चांगल्यानंतरचे थोडे उतरतेच. सरासरीकडे परत येणे हा आकड्यांचा स्वभाव आहे. गोल्फमध्येही तसेच. अगदी रद्दी फटक्यानंतर "मान खाली ठेव" म्हणा, नाहीतर "गणपतीचे नाव घे" म्हणा, पुढचा फटका बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा बरा जाणार. आणि सांगणाऱ्याला वाटणार, बघा, माझे निदान बरोबर होते.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आता ते सांगते.

१९७९ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली शाळा, सातवीचा वर्ग. नोकरीला लागून मला पाच-सहा वर्षे झाली होती, म्हणजे सगळे कळते असे वाटण्याचेच वय. तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसे. वडील मुंबईला गिरणीत, घरी आई आणि आजी. वहीत फळ्यावरचे नीट उतरवून घेत नसे. शब्द गाळायचा, सनावळ्या चुकवायचा. आणि सारखी मान वळवून शेजाऱ्याच्या वहीत बघायचा. मी निदान केले : लक्ष नाही आणि वर कॉपीची सवय. त्याला उभे केले, दोन-तीनदा वर्गाबाहेरही काढले. वहीवर तारीख कधीच लिहीत नसे, त्यासाठी वेगळी बोलणी खाल्ली. प्रगतिपुस्तकात मी लाल शाईने लिहिले, "अभ्यासात अजिबात लक्ष नाही." एकदा फार रागावले, तर पुढच्या आठवड्यात वही बरी आली. मला वाटले, लागू पडले! त्या आठवड्यात मी फळ्यावर न लिहिता धडा तोंडी सांगून लिहून घेतला होता, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

कारण सापडले ते पीटीच्या सरांना. मैदानावर चेंडू झेलायच्या खेळात हा मुलगा चेंडू अगदी छातीशी येईपर्यंत हातच उचलत नसे. सरांना शंका आली. तालुक्याला डोळ्यांचे शिबिर होते तिथे ते स्वतः त्याला एस.टी.ने घेऊन गेले. जाड काचांचा चष्मा लागला. चष्मा लावून तो पहिल्यांदा वर्गात बसला, फळ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "बाई, तुम्ही त्या कोपऱ्यात रोज तारीख लिहिता?"

रोज लिहीत होते. त्याला ती वर्षभरात एकदाही दिसली नव्हती.

तो मान वळवत होता ती शेजाऱ्याची वही एवढीच त्याला वाचता येत होती म्हणून. मला मान दिसली, डोळे दिसले नाहीत. त्याने एकदा, फक्त एकदाच, म्हटले होते, "बाई, मी खरंच बघत होतो." तेव्हा मी काय उत्तर दिले असेल ते तुम्ही ओळखले असेलच. मोठ्यांना जास्त दिसतं.

मी त्याची क्षमा मागितली नाही. त्या काळी शिक्षकाने मुलाची क्षमा मागायची पद्धत नव्हती, असे मी स्वतःला सांगत आले. पुढच्या प्रगतिपुस्तकात "प्रगती चांगली" असे लिहिले आणि विषय मिटवला. ती लाल शाईची ओळ खोडली नाही.

तर दुसऱ्या दिवशी मी जावयांना म्हटले, "तुमच्या मोबाईलवर याचा फटका सावकाश दिसेल असा घ्या ना जरा." घेतला. घरी येऊन तिघांनी मिळून पाहिला. सेकंदाला २४० चित्रे, तरी एका चित्रात चेंडू जागेवर आणि पुढच्या चित्रात पसार. पण मान? मान चेंडू गेल्यानंतरही खालीच होती. अगदी शहाण्यासारखी. वजन मात्र सगळे मागच्या पायावर, आणि कोपरे पंख मिटावेत तशी दुमडलेली. बिचारा चेंडूला उचलून वर पाठवू पाहत होता.

जावई हसून म्हणाले, "आई, तुम्ही तर कोच झालात." मी नातवाला जवळ घेतले आणि म्हटले, "तुझं खरं होतं. तू बघत होतास. मी न बघताच बोलले, चुकले माझं." त्याने खांदे उडवले आणि आणखी एक फटका पुन्हा लावून बघू म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय तेवढाच होता. माझ्या दृष्टीने अर्धाच. दुसरा अर्धा ज्याला सांगायला हवा तो मुलगा आता साठीला टेकला असेल. कुठे असतो ते मला माहीत नाही.

नातवाचा फटका नंतर सुधारला का? थोडा. दहातले चार अजून सरपटतात. पण आता तो "मान वर झाली" असे म्हणत नाही, "वजन मागे राहिलं" म्हणतो.

असो. लांबले जरा. माझ्या शिक्षक मैत्रिणींनो आणि मित्रांनो, तुमच्याही हातून अशी एखादी लाल शाईची ओळ लिहिली गेली असेल तर जरूर लिहा. आणि गोल्फ खेळणाऱ्या भाचेमंडळींनी यातले काही चुकले असेल तर आत्याला बिनधास्त सांगावे. फक्त आधी नीट बघून सांगा.